तट्टाची बाजू

माणूस घोडा निवडतो डोळ्यांनी आणि बसतो मात्र भलत्याच अवयवाने. सगळ्या घोटाळ्याचे मूळ इथे आहे. चपला घेताना आपण पाय घालून पाहतो, आंबा घेताना देठाशी वास घेतो, भेंडी घेताना तिचे टोक मोडून पाहतो. फक्त घोडा आणि जावई या दोन गोष्टी आपण लांबून, तिरक्या मानेने, 'चारचौघांत बरा दिसेल ना' एवढ्याच कसोटीवर पसंत करतो. जावयाबद्दल लिहिण्याची माझी छाती नाही, कारण माझे सासरे चांगले वाचक आहेत. घोड्याबद्दल मात्र मी आज स्पष्ट बोलणार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

"तुम्ही बँकेतले कारकून. तुमचा आणि घोड्याचा संबंध काय हो?" असे आमचे मेहुणे नेहमी विचारतात. प्रश्न वाजवी आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. मी तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे भाड्याचा. गेली वीस वर्षे आम्ही सहकुटुंब माथेरानला जातो. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली मोटार जात नाही आणि पुढे घोडेवाले उभेच असतात. मालकीचा घोडा एकदा निवडला की वीस वर्षांची निश्चिंती. भाड्याचा दर खेपेस नव्याने निवडावा लागतो. तेव्हा निवडीचा अनुभव माझ्याइतका एखाद्या सरदारालाही नसेल. शिवाय मध्ये तीन वर्षे माझी बदली खानदेशात होती. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची जत्रा भरते, तिथला घोडेबाजार मी तिन्ही वर्षे, रजा टाकून, पायी हिंडून पाहिला. विकत काही घेतले नाही. मध्यमवर्गीय माणसाला बाजार नीट दिसतो तो त्यामुळेच.

आता माझ्या नावडी सांगतो. पहिली नावड पांढऱ्या घोड्याची. पांढरा घोडा म्हटला की आमची माणसे खुळावतात. नवरदेवाला तोच हवा, फोटोला तोच हवा, पाच वर्षांच्या बाळालाही तोच हवा. पण पांढरे म्हणून मिरवणारे पुष्कळसे घोडे जन्मतात काळे किंवा तांबडे, आणि वयाबरोबर त्यांचे केस पिकत पिकत पांढरे होतात. म्हणजे पाहा, माणसाचे केस पिकले की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव उतरतो आणि घोड्याचे पिकले की लग्नाच्याच बाजारात त्याचा भाव चढतो! अशा घोड्यांना उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येण्याची खोड असते, ती कोणी शेपटी उचलून पाहत नाही. राहिला जन्मतः पांढरा, गुलाबी कातडीचा नुकरा. त्याचे नाक उन्हाने पोळते. आपल्या देशात ऊन किती पडते हे मी सांगायला नको. पण आमच्या लोकांना घोडासुद्धा गोरा हवा.

दुसरी नावड उंचीची. सारंगखेड्याला उंची इंचांत बोलतात. "साहेब, चौसष्ट इंच!" असे सांगताना विकणाऱ्याची स्वतःची छाती दोन इंच वाढते. घेणारा शेट मान वर करून पाहतो आणि खूश होतो. या घोड्यावर चढायला स्टूल लागेल आणि उतरायला देव लागेल, हा विचार त्याच्या मनात येत नाही. उंच घोडा रस्त्यावरून जाताना पहिल्या मजल्यावरच्या लोकांना दिसतो, हा त्याचा खरा उपयोग.

तिसरी नावड नाचऱ्या घोड्याची. उभ्या जागी पाय आपटणारा, तोंडाला फेस आलेला, डोळ्यांची पांढरी दाखवणारा घोडा पाहून लोक "काय पाणी आहे!" म्हणतात. तोंडातली कडी जाचत असली आणि पुढे ढोल बडवला जात असला, तर मीही असाच नाचेन. आमच्या शाखेत इन्स्पेक्शन असते तेव्हा नाचतोच. त्याला कोणी पाणी म्हटल्याचे स्मरत नाही.

पण या तीन नावडी म्हणजे शेवटी आवडीनिवडीचाच मामला. ज्याची त्याची हौस आणि ज्याचा त्याचा पैसा. माझे खरे भांडण आहे ते भोवरेवाल्यांशी.

घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठे असावेत आणि कुठे नसावेत याचे एक मोठे शास्त्र आहे. गळ्यावर भोवरा असला की 'देवमण', घोडा भाग्याचा. चारही पाय आणि तोंड पांढरे असले की 'पंचकल्याणी', घर भरणार. पायावरचा भोवरा खाली वळला तर खुंटा गाडणारा, वर वळला तर खुंटा उखडणारा, म्हणजे मालकाचे बिऱ्हाड उठलेच. डोळ्याखाली भोवरा असला की 'आसूढाळ', मालकाला रडवणार.

अशी एक आसूढाळ घोडी मी सारंगखेड्याला पाहिली. कुमैत रंगाची, सात-आठ वर्षांची, पाय कसे खांबासारखे. तासाभरात सहा गिऱ्हाईक आले. सहाही जण तिचे तोंड पाहून, कानाला हात लावून पुढे गेले. एकाने तिला चार पावले चालवून दाखव म्हटले नाही. मी म्हटले. विकणाऱ्याने, वेळ जात नव्हता म्हणून, तिला कडक जमिनीवर दुडकीने पळवून दाखवले. डोके स्थिर, चारही पावलांचा ठोका एकसारखा.

"एवढी गुणी घोडी. भाव निम्मा का?"

"भोवरा हाय ना सायेब डोळ्याखाली. मालकाला रडवती."

मी म्हटलं, "बाबा, आमच्या बँकेला ज्या कर्जदारांनी रडवलं, त्यांतल्या एकाच्याही डोळ्याखाली भोवरा नव्हता. उलट सगळे पंचकल्याणी होते!"

तो हसला. पण भाव निम्माच राहिला. आणि इथे गंमत संपते. कारण निम्म्या भावाचे जनावर शौकिनाच्या तबेल्यात जात नाही. ज्याला ते फक्त राबवायचे आहे त्याच्याकडे जाते. जे स्वस्त मिळते त्याला चारा कमी आणि चाबूक जास्त, हा हिशेब समजायला कॉमर्सची पदवी लागत नाही. म्हणजे रडवणार मालकाला म्हणून जिला नाकारली, ती घोडी जन्मभर स्वतःच रडणार. तरी शास्त्र खरे ठरले म्हणायचे! आपल्याकडे पत्रिकेत मंगळ निघाला की मुलीचे शिक्षण, स्वभाव, गळा, सगळे एका रेघेत खोडले जाते. घोडीचा मंगळ डोळ्याखाली असतो, एवढाच फरक.

"आपले पूर्वज काय मूर्ख होते?" असे आता कोणीतरी विचारणार. मुळीच नव्हते. त्याच जुन्या अश्वशास्त्रात दातांवरून घोड्याचे वय कसे ओळखावे तेही दिले आहे आणि घोड्याच्या दुखण्यांवरचे उपचारही दिले आहेत. पूर्वजांनी दात, दुखणी आणि भोवरे तिन्ही लिहून ठेवले. त्यांतले फुकटात आणि लांबून पाहता येणारे तेवढे आपण उचलले. आणि भोवऱ्यांवर एवढाच विश्वास असेल तर डोक्यावर दोन भोवरे असलेल्या माणसाची दोन लग्ने होतात असेही आपल्याकडे म्हणतात. माझ्या डोक्यावर दोन आहेत. गेली अठरा वर्षे ही एकच आहे. तिला विचारून पाहा.

बरे, मग पाहावे काय? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, घोड्याचे पाय त्याच्या पोटाखाली असतात आणि तिथवर वाकण्याची आपली तयारी नसते. मी आधी पाय पाहतो. खूर तडकलेला आहे का, नाल ढिला आहे का, सांध्यावर हात ठेवला तर ऊन लागतो का. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवावाच लागतो. मालकाने तो बोलावला नसेल तर बाकीची निगाही तशीच असणार. मग घोडा माझ्याकडे येताना दुडकीने पळवून पाहतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो. माणसे तोंडाने खोटे बोलतात, घोडा मानेने खरे बोलतो.

मग वय. पाचव्या वर्षापर्यंत घोड्याचे पुढचे सगळे दात पक्के येतात. मला बारा-पंधरा वर्षांचा आवडतो. म्हणजे नोकरीत रुळलेला, बढतीची आशा सोडलेला, पण निवृत्तीला अवकाश असलेला. असा घोडा प्लास्टिकची पिशवी उडाली म्हणून दरीकडे धावत नाही. ती पिशवी त्याने दहा वर्षे पाहिलेली असते. रंग कुठलाही चालेल. नाव 'राजा', 'बादशहा' असे नसले तर बरे. अपेक्षा वाढतात.

थोडक्यात मला तट्टू आवडते. आणि तट्टाचा या देशात कायम अपमान झाला आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत घोड्यांचे दर बांधून दिले, ते बरनीने लिहून ठेवले आहेत. पहिल्या प्रतीचा घोडा 100 ते 120 टंके, दुसऱ्या प्रतीचा 80 ते 90, तिसऱ्या प्रतीचा 65 ते 70 आणि तट्टू 10 ते 25. तट्टाला प्रतसुद्धा नाही! मराठी भाषेनेही 'भाडोत्री तट्टू' ही शिवी करून ठेवली. आणि मराठी फौजेची भिस्त कशावर होती? भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या बुटक्या, काटक, मिळेल ते खाऊन घाट चढणाऱ्या तट्टांवर. भीमथडीच्या घोड्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली ती अगदी अलीकडे. तीनशे वर्षांचे प्रोबेशन! आमच्याकडे सहा महिन्यांत कन्फर्म करतात.

आता शेवटचा आणि सगळ्यांत कटू मुद्दा. घोडा निवडणाऱ्याने स्वतःलाही निवडीस बसवावे. खोगिरासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझे घोड्याने पाठीवर वाहू नये, असा एक ढोबळ हिशेब जाणकार सांगतात. तट्टू तीनशे किलोचे धरा. पाचवा हिस्सा साठ. माझे वजन चोपन्न (हे आमच्या हिच्या स्वयंपाकावर भाष्य नव्हे), खोगीर सहा. ताळेबंद जुळला. आमचे मेहुणे ब्याण्णव. खोगीर धरून अठ्ठ्याण्णव. त्यांना घोडा हवा चारशे नव्वद किलोचा. असे घोडे मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळत आले आहेत, पण त्यांच्या पाठीवर बसतो पन्नास-साठ किलोचा जॉकी. म्हणजे ज्याच्या पाठीला झेपेल त्याच्यावर मूठभर माणूस, आणि ज्याला झेपत नाही त्याच्यावर आमचे मेहुणे, गळ्यात कॅमेरा, हातात मक्याचे कणीस आणि पुढ्यात भाचा!

"घोडेवाला नाही म्हणाला का? मग तुमचं काय जातं?" हा मेहुण्यांचा युक्तिवाद. घोडेवाला नाही म्हणणार नाही. त्याला घरी चूल आहे आणि हंगाम चार महिन्यांचा. घोड्याला नाही म्हणता येत नाही. म्हणजे 'नाही' म्हणण्याची ऐपत तिघांत एकालाच आहे, आणि तो मक्याचे कणीस खातो आहे. पायी चालले तर माथेरानची झाडी काही लांब पळत नाही. सावली असते, भूक लागते, आणि वजनही उतरते. दोन वर्षे असे चालले तर तट्टावर बसण्याइतके उतरेलही.

तेव्हा शौकीन मंडळींनो, पांढरा घ्या, उंच घ्या, तुमचा पैसा. पण भाव करण्याआधी एकदा खाली वाकून त्याचे पाय पाहा आणि एकदा काट्यावर उभे राहून स्वतःचे वजन पाहा. आणि कुठल्या घोडीच्या डोळ्याखाली भोवरा दिसलाच तर आधी तिला चार पावले चालवून पाहा. तेवढे चालून दाखवण्याचा हक्क आपण दारात आलेल्या सायकलवालाही देतो.