लाल परकराची गोष्ट



परकर ही काही मिरवायची वस्तू नव्हे. साडीच्या आत राहावे, एवढेच त्याचे काम. पण आयर्लंडमध्ये एका परकराने मोठे नाव काढले. त्याची हकीकत आज सांगणार आहोत.

आयर्लंडच्या पश्चिमेला कोनेमारा हा खडकाळ, गरीब मुलूख. तेथील कष्टकरी बाया जाड लाल फ्लॅनेलचे परकर नेसत. सिबिल कॉनोली (१९२१-१९९८) यांचा डब्लिन शहरात उंची कपडे बेतण्याचा व्यवसाय. त्यांनी तेच गरिबांचे कापड उचलून श्रीमंत स्त्रियांसाठी समारंभाचे घागरे बेतले. ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे कपडे झळकले. पुढे जॅकलीन केनेडीही त्यांच्या गिऱ्हाईक झाल्या.

बाईंची खरी करामत लिननची. जवसाच्या ताटातून निघणाऱ्या धाग्याचे हे कापड फार लवकर चुरगळते. त्यांनी रुमालाच्या तलम लिननला इतक्या बारीक चुण्या बसवल्या की चुरगळण्याची तक्रारच मिटली. असे एक वार कापड करायला नऊ वारांपर्यंत लिनन लागे. म्हणजे आपल्या आजीचे अख्खे लुगडे एका वारात!

कपड्यांना लेस लागे, तीही गावच्या बायांनी विणलेली. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून तेथे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विणून कित्येक घरांनी दिवस काढले होते. कॉनोलीबाईंकडे शंभरेक स्त्रिया काम करीत, बऱ्याच जणी आपापल्या घरी बसून.

हे वाचताना आम्हाला महाड आठवले. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले, की जात ओळखू येईल असे नेसणे आणि तसले दागिने टाकून द्या. आपल्या आजी-पणजींनी ते मानले. तेव्हा जुने ते सगळे जपावे, असे आम्ही म्हणणार नाही. लाल परकर हौसेने घालणारी वेगळी आणि दुसरे काही परवडत नाही म्हणून नेसणारी वेगळी. परंतु हातातली कला टाकायचे कारण नाही. फक्त तिचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे पाहावे. कॉनोलीबाईंचे नाव जगभर झाले, लेस विणणारीचे नाही.

आपल्यापैकी ज्या भगिनी घरी क्रोशाचे, गोधडीचे किंवा फॉल-बिडिंगचे काम करतात, त्यांनी नगामागे काय मजुरी मिळते ते आम्हाला जरूर कळवावे.