आधी ऐका, मग निवाडा करा

धर्मग्रामाच्या सभांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. समलिंगी पुरुषांच्या गप्पांचे कार्यक्रम मोबाइलवाटे घरात शिरू लागले आहेत, आपली मुले कानांत इयरफोन घालून ते ऐकतात, तेव्हा धर्मगुरूंनी वेदीवरून त्याविरुद्ध खडसावून सांगावे, अशी ती तक्रार. ती करणारी माणसे सज्जन आहेत आणि त्यांची काळजीही खरी आहे. मात्र त्यांची मागणी चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे आडपडदा न ठेवता सांगणे मी आपले कर्तव्य समजतो.

ज्याला पॉडकास्ट म्हणतात ती वस्तू साधी आहे. ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम इंटरनेटवर ठेवला जातो आणि ज्याला हवा तो सवडीने ऐकतो. त्याला नभोवाणीचा परवाना लागत नाही, छापखाना लागत नाही. एक मायक्रोफोन आणि शांत खोली पुरते. २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट सामान्यांच्या खिशाला परवडू लागले. २०१७च्या सुमारास मुंबईच्या आयव्हीएम पॉडकास्ट्सतर्फे नवीन नोरोन्हा ह्या विनोदी कलाकाराचा ‘कीपिंग इट क्विअर’ हा कार्यक्रम निघाला. हे आडनाव आपल्या कानांना परके नाही. त्याच वर्षी इश्क ह्या एफएम वाहिनीवर हरीश अय्यर ह्यांचा ‘गेडिओ’ ऐकू आला. ज्यांच्याविषयी आजवर इतरांनीच बोलावे, बहुधा टिंगलीनेच बोलावे, ती माणसे आपल्याविषयी स्वतः बोलू लागली. नोकरी, आईवडील, प्रेम, एकटेपण, भाड्याची खोली मिळण्यातल्या अडचणी, असे हे विषय. म्हणजे चारचौघांच्याच आयुष्याचे विषय.

ह्याची मुळे आपल्याच उपनगरांत आहेत. १९९० साली अशोक राव कवी ह्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. त्यांनीच पुढाकार घेऊन १९९४ साली स्थापन केलेल्या हमसफर ट्रस्टचे कार्यालय वाकोल्याला महापालिकेच्या जुन्या इमारतीत अनेक वर्षे चालले. परंतु छापील अंक घरी न्यायचा म्हणजे तो दडवायला जागा हवी, आणि एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घाटकोपरच्या चाळीत ती कोठून येणार? आवाज दडवावा लागत नाही. बोरिवलीहून चर्चगेटला निघालेल्या गच्च भरलेल्या गाडीत एखादा तरुण काय ऐकतो आहे, ह्याचा शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपल्यासारखा दुसरा कोणी ह्याच शहरात आहे, जगतो आहे, हसतोसुद्धा आहे, एवढे त्याला कळते, आणि त्या कळण्याने तो तगून राहतो. चेहरा न दाखवता बोलता आले की जड मन मोकळे होते, हे पापनिवेदनाच्या जाळीशी गुडघे टेकणाऱ्या समाजाला मी निराळे समजावून सांगावे काय?

आक्षेप पहिला: हा प्रचार आहे, ह्याने मुले बिघडतील. मी विचारतो, कार्यक्रम ऐकून कोणाचे मन असे वळते काय? ज्याचे मन तसे नाही तो दोन दिवसांत कंटाळून दुसरे काही ऐकेल. ज्याचे आहे, त्याला तो कार्यक्रम मिळण्याआधीच ते ठाऊक असते. त्याच्याशी त्याविषयी कोणी बोललेले मात्र नसते.

आक्षेप दुसरा: ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे काय? विवाह आणि शुचिता ह्यांविषयीची शिकवण जी आहे ती आहे; मी ती सौम्य करून सांगत नाही. पण शिकवण अर्धीच का सांगता? १९९२च्या कॅटेकिझमने ह्याच संदर्भात आदर, करुणा आणि संवेदनशीलता ह्यांचा आग्रह धरला आहे आणि अन्याय्य भेदभाव निषिद्ध ठरवला आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस ह्यांनी, समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये, असे जाहीरपणे सांगितले. न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तेच मान्य केले. म्हणजे आपले मेंढपाळ ह्या बाबतीत न्यायालयाच्याही पुढे होते, आणि कळप मात्र अजून मागे रेंगाळतो आहे.

२०२२च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘ऐकणे’ हाच विषय निवडला होता. पॉडकास्टचा वाढता प्रसार हा माणसाला अजून ऐकण्याची गरज असल्याचा पुरावा आहे, अशीही नोंद त्यांनी त्या संदेशात केली. मग ऐकणाऱ्याचे कान उपटायला आपण का धावावे?

ह्या कार्यक्रमांत उणीव नाही असे नाही. त्यांतला विनोद पुष्कळदा भडक असतो आणि सवंगपणाही आढळतो. बहुतेक बोलणे इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी बोलणाऱ्या गावठाणातल्या मुलाला तिथेही आपण उपरेच वाटतो. पण ही उणीव दाखवण्याचा अधिकार, ज्याने त्या मुलाशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलले असतील, त्यालाच आहे.

बार्तिमयची गोष्ट आपण जाणतो. तो यरीहोच्या वाटेवर हाक मारीत होता आणि गर्दी त्याला गप्प राहा म्हणून दटावीत होती. येशू थांबला आणि त्याने त्याला, तुला काय हवे, असे विचारले. आंधळेपणाची तुलना मी इथे कोणाशीही करीत नाही. माझी तुलना आहे ती गर्दीशी. ती गर्दीही प्रभूच्याच मागे चालली होती.

ह्यात सर्वांत मोठी हानी कोठे होते ते सांगतो. मुलाचे मन ओळखूनही, लग्न झाले की सुधारेल, म्हणून त्याला बोहल्यावर उभे करणारे आईवडील आपल्यात आहेत. धर्मसंहितेचा ११०३वा नियम सांगतो की बळजबरीने वा गंभीर भीतीने झालेला विवाह विवाहच नव्हे. तरीही लोकलाजेपायी वेदीसमोर दोन जिवांचा बळी दिला जातो. त्यांतली एक असते कोणाची तरी निष्पाप लेक, आणि ‘माझ्यात काय उणे होते?’ ह्या प्रश्नाने ती वर्षानुवर्षे स्वतःला जाळीत राहते. कानातल्या आवाजाने घर मोडते म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी ही मोडलेली घरे मोजावीत.

तेव्हा वेदीवरून खडसावण्याची मागणी मी नाकारतो. उलट माझीच मागणी आहे: जेवणाच्या पंगतीत अशा मुलांची नक्कल करून हशा पिकवणे बंद व्हावे; विवाहपूर्व शिबिरात मुलाला आणि मुलीला एकेकटे विचारून संमती खरी आहे की नाही ते पाहिले जावे; आणि मुलगा काही सांगू लागला तर बापाने उठून दार आपटू नये, बसून ऐकावे. घरात ऐकणारे कोणी असेल, तर मुलाला अनोळखी आवाजाचा आधार शोधीत फिरावे लागणार नाही.