विश्लेषण : ‘ब्योमकेश बक्षी’ आजही का पाहावी? मराठी रहस्यमालिकांनी तिच्याकडून काय घ्यावे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या सहा वर्षे आधी, म्हणजे हिंगोली, वसमत, कळमनुरी हे परभणीचेच तालुके असताना, १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ सुरू झाली. गच्चीवरचा अँटेना फिरवून पडद्यावरच्या मुंग्या घालवायच्या आणि जे लागेल ते अख्ख्या घराने पाहायचे, असा तो काळ. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा १९९३ मध्ये जन्मही न झालेली पिढी ती पाहू लागली.

ब्योमकेशचा महाराष्ट्राशी संबंध काय?

ब्योमकेश अस्सल बंगाली. लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये त्याला जन्म दिला. मात्र, हेच शरदिंदू १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या बऱ्याच कथा पुण्याच्या मुक्कामातल्या आहेत. मालिकेचे दिग्दर्शक बासू चॅटर्जी यांची कारकीर्द मुंबईतली. रजित कपूर ब्योमकेश झाले, के. के. रैना अजित, तर ब्योमकेशची पत्नी सत्यवती साकारली मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी यांनी.

पुस्तकातले रहस्य पडद्यावर आणणे अवघड का?

बहुतेक कथा अजित सांगतो. त्याला सगळे दिसते, पण अर्थ लागत नाही. वाचकही त्याच्याच बरोबरीने चाचपडतो. कॅमेऱ्याची अडचण वेगळी आहे. पुरावा दाखवलाच नाही तर प्रेक्षकाची फसवणूक होते. ठळकपणे दाखवला तर रहस्य तिथेच फुटते. बासूदांनी साधा मार्ग निवडला. पाठलाग आणि हाणामारी कमी, खोलीत बसून होणारी बोलणी जास्त. धागा संवादात किंवा चौकटीतच असतो, फक्त त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. उलगडा झाला की ‘अरे, हे तर आपणही पाहिले होते’ असे वाटते. रहस्यकथेचा प्रामाणिकपणा यालाच म्हणतात.

मालिकेत उणिवा नाहीत का?

आहेत. काही प्रसंग नाटकाच्या रंगमंचासारखे दिसतात. काही भागांत शेवटचा उलगडा घाईने, एका दमात सांगितला जातो. मोबाइलवर दीडपट वेगाने व्हिडीओ पाहणाऱ्याला तिची चाल संथ वाटेल. पण ही संथपणाची जागाच प्रेक्षकाला विचार करायला मिळालेली जागा आहे.

मराठीत काय घडले?

मराठीत रहस्यकथांचा तुटवडा कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड यांच्यासाठी वाचनालयांत वाचक ताटकळत असत. दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने ‘एक शून्य शून्य’सारखी पोलिसी तपासाची मालिका गाजवली. त्यात शिवाजी साटम होते, पुढे ‘सीआयडी’मधून ते देशभर पोहोचले. म्हणजे पडद्याला पोलीस सापडला, पण अर्नाळकरांचा नायक ब्योमकेशसारखा घरोघरी ओळखीचा चेहरा झाला नाही.

याचे एक कारण दैनंदिन मालिकेच्या रचनेत आहे. रहस्यकथा उलटी बांधली जाते. आधी शेवट ठरतो, मग त्याकडे नेणारे धागे मागे मागे पेरले जातात. दैनंदिन मालिकेचा शेवट मात्र टीआरपी ठरवतो. प्रतिसाद चांगला असेल तर कथा ताणायची, नसेल तर गुंडाळायची. शेवटच माहीत नसेल तर धागे पेरणार कुठे? मग रहस्याच्या जागी धक्के येतात, आणि धक्का दुसऱ्या दिवशी शिळा होतो.

मग उपाय काय?

ठरावीक भागांची मालिका, एका भागात किंवा दोन-तीन भागांत संपणारी कथा, आणि चित्रीकरणाआधी पूर्ण लिहून झालेली पटकथा. ‘ब्योमकेश बक्षी’ची दोन्ही पर्वे याच वाटेने गेली. यासाठी परदेशी चित्रस्थळे लागत नाहीत. एक वाडा, एक लॉज, एक जिनिंग मिल पुरते. सह्याद्री वाहिनीने हे करायला हरकत नाही; खासगी वाहिन्या आणि ओटीटींनाही ते जड नाही.

‘गावाकडच्या प्रेक्षकाला डोके चालवायला लावू नका’ असा एक समज मनोरंजन व्यवसायात मुरलेला आहे. औंढा नागनाथ किंवा सेनगावच्या प्रेक्षकाला तो लागू करण्याआधी १९९३ आठवावे. तेव्हा शहरासाठी वेगळी आणि खेड्यासाठी सोपी अशी दोन ब्योमकेश नव्हती. एकच मालिका सगळीकडे दिसली आणि आजही तिचे नाव निघते. प्रेक्षक तोच आहे. त्याच्यावर विश्वास ठेवणारी मराठी मालिका मात्र अजून यायची आहे.