जगाचा मेळा आणि आमची रापण

'याला पर्याय नाही' हे वाक्य हल्ली आपण इतक्यांदा ऐकतो, की ते कोणीतरी प्रथम उच्चारले असेल आणि त्यामागे कोणाचा तरी हिशेब असेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही. मोठी बोट आली, लहान होडी गेली, पर्याय नाही. किनाऱ्यावर हॉटेल उभे राहिले, जाळी सुकवायची जागा गेली, पर्याय नाही. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी हे वाक्य आपल्या आर्थिक धोरणाचे ब्रीदच केले होते. १९९१ नंतर ते आपल्या देशातही रुजले आणि आता तर आमच्या मच्छीमारांच्या वाडीतही लोक सुस्कारा टाकून तेच म्हणतात.

या वाक्याला उत्तर देण्यासाठी जगातील नाना चळवळींच्या लोकांनी एक मेळा सुरू केला. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे दरवर्षी बड्या कंपन्यांचे आणि सरकारांचे धुरीण जमतात. तेच दिवस साधून जानेवारी २००१ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 'जागतिक सामाजिक मंच' भरला. 'दुसरे जग शक्य आहे' ही त्याची घोषणा. १६ ते २१ जानेवारी २००४ या काळात हा मंच प्रथमच ब्राझीलबाहेर, आपल्या मुंबईत, गोरेगावच्या नेस्को मैदानावर भरला. इराणच्या शिरीन एबादी आल्या, अर्थशास्त्राचे नोबेल मिळविलेले जोसेफ स्टिग्लिट्झ आले, अरुंधती रॉय बोलल्या. दलित, आदिवासी, कामगार, स्त्रिया हजारोंच्या संख्येने आल्या. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. हे सारे मी ग्रंथालयात बसून वाचले आणि घरी बाबांना सांगितले. बाबा रापणीवर जातात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "इतकी माणसां जमली, मगे ठरलां काय गो?"

खरे उत्तर असे की काहीच ठरले नाही, ठरवायचेच नव्हते. मंचाच्या सनदेनुसार मंच म्हणून कोणताही ठराव करायचा नाही, मतदान घ्यायचे नाही, मंचाच्या वतीने कोणी बोलायचे नाही. कोणत्याही एका पक्षाने वा गटाने तो ताब्यात घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. आंगणेवाडीच्या जत्रेत जशी माणसे भेटतात, बोलतात आणि आपापल्या वाटेने जातात, तसेच हे. बाबांचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. २००४ साली मुंबईतच काही संघटनांनी 'मुंबई प्रतिरोध' या नावाने वेगळा मेळावा भरवून, नुसत्या चर्चेने साम्राज्यशाही हटत नाही, असा आक्षेप घेतला होता. मग अशा मेळ्यांचा आमच्यासारख्यांना उपयोग काय?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर गोरेगावात शोधण्यापेक्षा आपल्याच किनाऱ्यावर शोधावे. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढतात. एकट्याचे हे कामच नव्हे. आलेल्या मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावणारा वाटसरूदेखील रिकाम्या हाताने जात नाही.

आता शेजारच्या गोव्याकडे पाहा. तेथे रापणकारांना रांपणकार म्हणतात. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी ओरबाडू लागले, तेव्हा माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने हे लोक उभे राहिले. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील लहान मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला. पुढे १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना आपल्या खोल समुद्रात मासेमारीचे परवाने मिळू लागले. त्या विरोधात १९९४ मध्ये देशभरच्या किनाऱ्यावर बंद पाळले गेले. थॉमस कोचेरी यांनी उपोषण केले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली, तिने १९९६ मध्ये हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि ते धोरण अखेर मागे घेण्यात आले. 'पर्याय नाही' म्हणणाऱ्यांना पर्याय सापडला!

या लढ्यानंतरच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अनेक देशांचे मच्छीमार दिल्लीत जमले आणि त्यांनी आपली जागतिक संघटना उभारली. २१ नोव्हेंबर हा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन त्याचीच आठवण. २००० साली फ्रान्समध्ये त्या संघटनेचे दोन तुकडे झाले, हेही सांगितले पाहिजे. माणसे तेथेही माणसेच असतात. पण क्रम लक्षात घ्या. आधी दोराला हात लागले, मग जगाचा मेळा भरला. हात रिकामे ठेवून मेळ्याला जाणारा भाषणे ऐकून परततो; दोर धरून जाणाऱ्याला दुसऱ्या टोकाला ओढणारी माणसे भेटतात. ठराव न करणाऱ्या मंचाचेही मोल आहे ते एवढ्यासाठी. आज त्याची गरज वाढलीच आहे. मासेमारीला कोणते सरकारी अनुदान द्यावे आणि कोणते देऊ नये याचा करार जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेत झाला. आमच्या डिझेलचा विचार जर जिनिव्हात होणार असेल, तर आमचा आवाजही तेथवर पोहोचायला नको का?

परंतु येथे एक कडू गोष्ट बोलावी लागेल. परदेशी जहाजे परतविली, पण आज रापणीच्या तोंडची मासळी नेणारे सगळेच काही परदेशी नाहीत. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिवे लावणाऱ्या बोटींचे मालक आपल्याच देशातले, कधी आपल्याच जिल्ह्यातले असतात. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीस बंदी केली. १९८१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड वाढला. तरीही रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट दिसतो. जास्तीत जास्त उपसावे, उद्याचे उद्या, ही जी वृत्ती आहे तीच खरी आमची शत्रू. ती दावोसमध्ये आहे तशी आमच्या बंदरातही आहे. दुसरे जग हवे असे म्हणणाऱ्याने आपल्या आळीतल्या माणसालाही दोन शब्द सुनावण्याची तयारी ठेवली पाहिजे. ते जगाला सुनावण्यापेक्षा फार कठीण आहे, कारण संध्याकाळी त्याच्याच दारावरून घरी जायचे असते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहोत. शिकून मुंबईला जायचे, हे आमच्या आईबापांनाही मान्य आहे. माझी आई डोक्यावरच्या पाटीतली मासळी विकून माझी फी भरते आणि तूही हेच कर असे ती कधीच म्हणणार नाही. पण कायद्याची भाषा, अर्जाची भाषा, जिनिव्हाच्या कराराची भाषा आम्हाला थोडीफार कळू लागली असेल, तर ती बंदरावर कोणी न्यायची?

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या २१ नोव्हेंबरला आपल्या कॉलेजने भाषणांचा कार्यक्रम न करता मासेमारीचा कायदा बंदरावर सोप्या मराठीत वाचून दाखवावा. त्या दिवशी मासळी विकणाऱ्या बायकांनाही बोलवावे, कारण सभांमध्ये त्यांना सहसा कोणी विचारत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात म्हाताऱ्या रापणकारांकडून वाटे कसे पडत, भांडण कसे मिटे, कोणत्या दिवसांत जाळे टाकीत नसत, हे सारे लिहून घ्यावे. पर्याय म्हणून जग जे शोधीत आहे त्याचा थोडा भाग या म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि तो लिहून ठेवायला आपल्या हाताशी फार वर्षे नाहीत. प्राध्यापकांनी होकार द्यावा. वह्या घेऊन यायला आम्ही तयार आहोत.