उमेदवार ठरतो कुठे?

बजाजनगर आणि डेट्रॉईट ही दोन नावे एका दमात घेतली तर वाचक क्षणभर थबकतील. परंतु दोन्हीकडच्या चुली वाहन उद्योगाच्या जोरावर पेटल्या, हे साम्य नाकारता येणार नाही. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला. त्यामागोमाग सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले, लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगाव अशा जिल्ह्यांतून तरुण आले आणि माळरानावर बजाजनगर उभे राहिले. त्याच बजाजनगरातील आणि संभाजीनगरातील काही घरांतील मुले आज अभियंते होऊन मिशिगन राज्यातील मोटार कंपन्यांत नोकरी करीत आहेत. त्यामुळे तिकडच्या राजकारणाची बातमी आता इकडच्या दिवाणखान्यातही पोहोचते. त्यातलीच एक बातमी मराठी माणसाने जरा थांबून विचार करावा अशी आहे. बातमी जुनी झाली तरी तिच्यातील प्रश्न जुना झालेला नाही.

श्री ठाणेदार हे नाव 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे महाराष्ट्रातील हजारो घरांना परिचित आहे. बेळगावात वाढलेला हा मराठी मुलगा १९७९ मध्ये अमेरिकेत गेला, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून उद्योजक झाला, मंदीत सर्वस्व गमावून पुन्हा उभा राहिला. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभे राहिले. तेथील राज्यपाल म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्याप्रमाणे थेट कारभार पाहणारा, लोकांनी निवडून दिलेला प्रमुख. मात्र उमेदवारी 'मागायला' म्हणजे कोणाच्या बंगल्यावर जाऊन नव्हे. ती मागायची थेट मतदारांकडे, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत. ७ ऑगस्ट २०१८ रोजी मतदान झाले. ग्रेचेन व्हिटमर यांना ५ लाख ८८ हजार, अब्दुल अल-सईद यांना ३ लाख ४२ हजार आणि ठाणेदारांना २ लाखांहून थोडी अधिक मते मिळाली. शेकडेवारीत हे प्रमाण ५२, ३० आणि १८ असे होते. ठाणेदार तिसरे आले.

या आकड्यांकडे दोन बाजूंनी पाहता येते. सातासमुद्रापार जाऊन स्थायिक झालेल्या, ज्याच्या नावाचा उच्चारही तेथील मतदारांना धड जमत नसेल अशा माणसाला एका मोठ्या राज्यात दोन लाख लोक आपल्या पक्षाचा उमेदवार म्हणून पसंत करतात, ही त्या व्यवस्थेची उदारता आहे. तिला कोणत्याही घराण्याचे प्रमाणपत्र लागले नाही. पण या प्रचारात ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून सुमारे एक कोटी डॉलर ओतले होते. म्हणजे प्रत्येक मतामागे पन्नास डॉलर! ज्याच्या खिशात हे एक कोटी नाहीत, त्या शाळामास्तराने किंवा कामगाराने या दारात कसे शिरायचे, या प्रश्नाला तेथील लोकशाहीकडेही समाधानकारक उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. निकालानंतर दोन्ही पराभूत उमेदवारांनी व्हिटमर यांना पाठिंबा दिला आणि नोव्हेंबरमध्ये त्या राज्यपाल झाल्या. यात मनाचा मोठेपणा असेलही, परंतु कायद्याचा धाकही होता. मिशिगनमध्ये प्राथमिक फेरीत हरलेल्या व्यक्तीला त्याच निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन मतपत्रिकेवर येता येत नाही. सकाळी एका पक्षाच्या कार्यालयात मुलाखत, दुपारी दुसऱ्याच्या कार्यालयात प्रवेश आणि तीन वाजण्याच्या आत तिसऱ्याचा ए-बी फॉर्म, ही आपल्याकडील चपळाई तेथे चालत नाही. पराभव मान्य करणारे ठाणेदार तेथेच टिकून राहिले. २०२० मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. त्या वेळच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि विजयी ठाणेदारांना मते पडली होती २८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सुमारे ७२ टक्के मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी पसंती दिली होती. ज्या शहरात कृष्णवर्णीयांची संख्या मोठी, तेथील जवळपास सात दशकांची कृष्णवर्णीय प्रतिनिधित्वाची परंपरा त्यामुळे खंडित झाली आणि त्याची सल तेथे बोलूनही दाखवली गेली. मतविभागणीचे हे गणित संभाजीनगरकरांना कोणी वेगळे शिकवायला नको. २०१९ मध्ये इम्तियाज जलील यांनी येथे चंद्रकांत खैरे यांचा पराभव केला तो अवघ्या ४,४९२ मतांनी आणि त्याच निवडणुकीत पूर्वी शिवसेनेचेच आमदार असलेल्या हर्षवर्धन जाधवांनी २ लाख ८३ हजार मते घेतली होती. एका विचाराचे मतदार दोन नावांत वाटले गेले की तिसऱ्याचे फावते. हे वाटप मुख्य निवडणुकीत होण्यापेक्षा आधीच पक्षाच्या अंगणात का होऊ नये, एवढाच प्राथमिक निवडणुकीमागचा मूळ विचार आहे.

आता आपल्याकडे पाहू. हा प्रयोग महाराष्ट्रात झालेलाच नाही, असे नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसचे तत्कालीन उपाध्यक्ष राहुल गांधी यांच्या आग्रहावरून देशातील निवडक मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने ठरवण्यात आले. त्यात महाराष्ट्रातील लातूर आणि वर्धा हे दोन मतदारसंघ होते. मतदान सामान्य लोकांचे नव्हते, पक्षाचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्या ठरावीक मतदारमंडळाचे होते. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. वर्ध्यात निवडले गेले सागर मेघे, म्हणजे तेथील विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव! घराणेशाही मोडण्यासाठी काढलेल्या पेटीतून घराण्याचाच वारस बाहेर आला. ज्यांच्या हाती मतदारमंडळ, त्यांच्याच हाती निकाल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मुख्य निवडणुकीत काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. लातुरात भारतीय जनता पक्षाचे सुनील गायकवाड अडीच लाखांहून अधिक मतांनी, तर वर्ध्यात रामदास तडस दोन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले. मंदसौरमध्ये मीनाक्षी नटराजन, इंदूरमध्ये सत्यनारायण पटेल, मंगळुरूमध्ये जनार्दन पुजारी असे याच पद्धतीने निवडलेले उमेदवार पराभूत झाले. बडोद्याची कथा तर अधिक बोलकी आहे. तेथे नरेंद्र रावत पक्षांतर्गत मतदानातून निवडले गेले होते. परंतु नरेंद्र मोदी त्या मतदारसंघातून लढणार हे जाहीर होताच रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री उमेदवार झाले. कार्यकर्त्यांनी दिलेला कौल दिल्लीच्या सोयीपुढे टिकला नाही. वर्ध्याच्या कथेचा उत्तरार्ध मात्र आपल्यालाही अंतर्मुख करणारा आहे. निकालानंतर काही आठवड्यांतच मेघे पितापुत्र भाजपमध्ये दाखल झाले आणि त्याच वर्षी समीर मेघे हिंगण्यातून भाजपचे आमदार झाले. काँग्रेसच्या त्या फसलेल्या प्रयोगाला हसताना हा तपशील विसरून चालणार नाही.

मोदी लाटेत कोणत्याही पद्धतीने निवडलेला काँग्रेस उमेदवार पडलाच असता, असे कोणी म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. प्रयोगाचे अपयश त्या पराभवात नव्हते. मतदारमंडळ छोटे ठेवले, ते कोणी बनवायचे हे वरून ठरले आणि निकाल गैरसोयीचा झाला की तो बदलण्याची मोकळीक ठेवली, या तीन गोष्टींनी प्रयोग आधीच पोखरला होता. तो पुढे कोणी चालवला नाही, याचे फारसे दुःखही कोणाला झाले नाही.

कायद्याचीही येथे फारशी मदत होत नाही. राजकीय पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली होते. पक्षाने अंतर्गत लोकशाही पाळावी, ही अपेक्षा १९९९ मध्ये विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात सविस्तर मांडली. परंतु उमेदवार कोणी ठरवायचा याविषयी कायदा मौन बाळगून आहे आणि एखाद्या पक्षाने आपलीच घटना धुडकावली म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. प्रत्यक्षात सारी सत्ता त्या ए आणि बी या दोन कागदांत एकवटते. ए म्हणजे सही करण्याचा अधिकार कोणाला ते सांगणारा, बी म्हणजे अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारा. वर्षानुवर्षे मतदारयाद्या चाळणारा, पावसात भिंती रंगवणारा, बूथवर डबा खाणारा कार्यकर्ता या दोन कागदांपासून किती दूर उभा असतो, ते प्रत्येक निवडणुकीच्या अखेरच्या दिवशी दिसते.

आणि येथेच आपल्या घरातला अवघड प्रश्न सुरू होतो. आपली जडणघडण अशी की पद मागू नये. काम करीत राहावे, योग्यता असेल तर जबाबदारी दिली जाईल. संघटनेत ही रीत शोभते आणि टिकतेही. सरकार्यवाहांची निवड दर तीन वर्षांनी प्रतिनिधी सभेत होते, पण त्यासाठी कोणी स्वतःचा प्रचार केला असे आपण कधी पाहिले नाही. तेथे सत्ता वाटायची नसते. निवडणुकीच्या राजकारणात मात्र हीच रीत एका विचित्र वळणावर येऊन ठेपते. न मागणारा मागे राहतो आणि मागणारा, विशेषतः बाहेरून येऊन मागणारा, पुढे जातो. 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत इतका रुळला आहे की ती क्षमता कोणी, कशी आणि कोणत्या मापाने मोजली, हे विचारण्याचे धाडसही कार्यकर्ता करीत नाही. तीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला आदल्या महिन्यात आलेल्या माणसाच्या व्यासपीठावर पुन्हा सतरंज्याच अंथराव्या लागतात. तो बंड करीत नाही. तो फक्त पुढच्या वेळी थोडा उशिरा येतो, त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही. मतपेटीत हे नुकसान दिसायला दोन-तीन निवडणुका लागतात.

भाजपने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी मतदारसंघनिहाय निरीक्षक पाठवून पदाधिकाऱ्यांकडून पसंतीची नावे बंद लिफाफ्यात मागवली, हे पाऊल योग्य दिशेचे होते. पद न मागणाऱ्याचेही नाव सहकाऱ्यांच्या लेखणीतून वर जाऊ शकते, हे त्या लिफाफ्याचे खरे मोल. परंतु लिफाफे उघडल्यावर आत काय निघाले, ते लिहिणाऱ्यांनाही कळले नाही. मतमोजणी जाहीर होत नसेल तर त्याला सल्ला म्हणावे, मतदान म्हणू नये. सल्ला डावलण्याचा अधिकार नेतृत्वाला निश्चितच आहे. युती, सामाजिक समतोल, राज्यव्यापी रणनीती यांचा विचार बूथवरून होत नाही, वरूनच करावा लागतो. मात्र डावलले तर का डावलले, एवढे सांगण्याचे सौजन्य लिफाफा भरणाऱ्याला मिळायला हरकत नसावी.

मिशिगनची पद्धत उचलून इकडे लावा, असे आम्ही म्हणत नाही. तेथे मतदाराला पक्षाचे सदस्यत्वही लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे स्तंभ असतात, मतदार गुप्तपणे एक निवडतो आणि दोन्हींत खुणा केल्या तर मत बाद होते. आपल्याकडे असे झाले तर विरोधी पक्षाचे लोक रांगेत उभे राहून आपला सर्वांत दुबळा उमेदवार निवडून देतील, ही भीती अनाठायी नाही. केवळ सदस्यांचे मतदान घ्यावे तर सदस्य नोंदणीची पुस्तके कोणाच्या पैशाने भरली जातात, तेही सर्वजण जाणतात. तेथेही सारे सोवळे नाही. २०२२ मध्ये मिशिगनच्याच राज्यपालपदासाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणारे पाच जण एकाच फटक्यात बाद झाले, कारण त्यांच्या अर्जांवरील हजारो सह्या बनावट निघाल्या. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाने २००९ मध्ये टॉटनेस येथे सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवून उमेदवार निवडला. सारा वॉलस्टन या डॉक्टरबाई निवडल्या गेल्या, खासदार झाल्या आणि दहा वर्षांनी पक्ष सोडून गेल्या. प्रयोग खर्चिक होता आणि नेतृत्वाला न जुमानणारे खासदार देणारा ठरला.

तरीही एक लहानसा, आपल्या मातीतला नमुना बजाजनगरातच आहे. येथील वस्ती एखाद्या नगराएवढी असली तरी तिचा कारभार वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीकडून चालत आला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षचिन्ह नसते, त्यामुळे ए-बी फॉर्मही नसतो. पॅनल बनते ते गल्लीत, मंदिराच्या ओट्यावर, पाळी सुटल्यानंतरच्या गप्पांत. कोणाचे नाव का घेतले आणि कोणाचे का गळाले, हे दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही ठाऊक असते. त्यात जातीची गणिते असतात, गावाकडच्यांचे गट असतात, भाऊबंदकीही असते. मात्र नाव गळालेला माणूस संध्याकाळी नाव घेणाऱ्याला चहाच्या टपरीवर गाठून तोंडावर जाब विचारू शकतो आणि समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते.