तसबिरीची पाठ

बाजारपेठेतील बहुतेक दुकानांत गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते आणि वस्तू घेऊन जाते. तसबिरींना चौकट घालून देणाऱ्या दुकानात मात्र गिऱ्हाईक वस्तू घेऊनच येते. आजोबांचे कडा झिजलेले छायाचित्र, मुलीचे पदवीपत्र, अठ्ठाईच्या पारण्याच्या दिवशी संघाने दिलेले अभिनंदनपत्र, शाळकरी मुलाने रंगवलेले निसर्गचित्र. बाजारात या वस्तूंना किंमत नसते. पण हरवल्या तर त्या कोणत्याही किमतीला पुन्हा मिळत नाहीत. अशी वस्तू टेबलावर ठेवून, एक चिठ्ठी खिशात घालून माणसे निश्चिंत मनाने घरी जातात. तालुक्याच्या गावातील या लहानशा व्यवसायाचे खरे भांडवल त्या निश्चिंतपणात आहे.

दुकान बहुधा एकाच कुटुंबाचे असते. भिंतीवर पट्ट्यांचे काटकोनी नमुने खिळ्यांना टांगलेले, कोपऱ्यात आठ-दहा फुटी पट्ट्या उभ्या केलेल्या, टेबलावर करवत, गुण्या, काच कापण्याचा हिरा आणि बारीक चुकांची डबी. वडील कापतात आणि जोडतात, मुलगा मापे घेतो, घरातील स्त्री माउंटचा रंग निवडून देते आणि चिठ्ठ्यांचा हिशेब ठेवते. कोणाच्या घरी लग्न झाले, कोण पदवीधर झाले, कोण निवर्तले, हे या दुकानाला गावातील इतर कोणत्याही दुकानाआधी कळते.

हा धंदा गावोगावी पोहोचला तो छापील चित्रांबरोबर. भिंतीवरील चित्राला किंवा कापडी पटाला काचेची गरज नव्हती. कागदावरील चित्राला धूळ, धूर आणि ओल यांपासून आडोसा लागतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यात दिसणारी चित्रे त्या आणि तशा इतर छापखान्यांमुळे सामान्य घरांत आली आणि त्यांच्यामागोमाग चौकट आणि काच आली. जैन पेढ्यांवर गौतमस्वामींची तसबीर लागली आणि दिवाळीच्या वहीपूजनात तिला मानाचे स्थान मिळाले. कुठे शत्रुंजयाचे चित्र, कुठे सम्मेदशिखराचे, कुठे श्रवणबेळगोळच्या बाहुबलींचे, कुठे आचार्य शांतिसागर महाराजांचे छायाचित्र. एखाद्या घराची भिंत पाहिली, तर त्या घराची परंपरा आणि तीर्थयात्रा दोन्ही वाचता येत असत.

या कामातील पहिली परीक्षा मापाची. १२ इंच रुंद आणि १८ इंच उंच असे चित्र घ्यावे. चारही बाजूंची बेरीज ६० इंच, म्हणजे ५ फूट होते, आणि गिऱ्हाईक मनात तेवढाच हिशेब धरते. परंतु पट्टी दीड इंच रुंद असेल, तर ४५ अंशांत कोपरे कापताना पट्टीच्या रुंदीच्या आठपट, म्हणजे आणखी १२ इंच लागतात. एकूण पट्टी साधारण ६ फूट लागते. जो कारागीर हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर मांडून दाखवतो, त्याच्याकडे घासाघीस कमी होते. पण जो काही न बोलता ७ फुटांचे पैसे लावतो, त्याला पकडणारे कोणी नसते. कापलेल्या पट्टीचे तुकडे मागून घेणारे गिऱ्हाईक हजारात एखादे.

दुसरी परीक्षा याहून कठीण, कारण ती डोळ्यांआड असते. गिऱ्हाईक पट्टीचा सोनेरी रंग पाहते, काचेची चकाकी पाहते. चित्राचे आयुष्य मात्र त्याच्या पाठीमागे ठरते. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असते. काही वर्षांत ते कागदात उतरते. चित्र पिवळे पडते, माउंटच्या कापलेल्या कडेलगत तपकिरी रेघ उमटते. चिकटपट्टीचा डाग कागदात असा मुरतो की तो पुढे निघत नाही. छायाचित्र काचेला थेट टेकले असेल, तर पावसाळ्यातील ओलीने त्याचा पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच सोलून निघतो. यावर उपाय ठाऊक आहेत आणि तेही अवघड नाहीत. आम्लमुक्त पुठ्ठा वापरावा, माउंट घालून काच आणि चित्र यांत अंतर राखावे, गव्हाच्या खळीने आणि पातळ मजबूत कागदाच्या बिजागरीने चित्र वरच्या कडेला अडकवावे. तत्त्व एवढेच की, आज केलेले काम पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिराला चित्राला इजा न करता उलगडता आले पाहिजे.

या सगळ्याला थोडा अधिक खर्च येतो आणि त्यातले काहीही समोरून दिसत नाही. पाठ कागदाने बंद केली की आत उत्तम पुठ्ठा आहे की जुन्या खोक्याचा तुकडा, हे केवळ बनवणाऱ्याला ठाऊक असते. फसवणूक उघड व्हायला वीस वर्षे लागतात आणि तोवर पावती कोणी जपून ठेवलेली नसते.

येथेच हा छोटा व्यवसाय श्रावकाच्या आचारधर्माशी येऊन भिडतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन तर थेट दुकानाच्या गल्ल्यावरचे आहेत. हीनाधिक-मानोन्मान म्हणजे मापात कमी-अधिक करणे. प्रतिरूपक-व्यवहार म्हणजे अस्सल म्हणून नक्कल देणे. शास्त्रकारांनी हे दोष चोरीच्या व्रतात घातले, ही गोष्ट व्यापारी कुळांनी पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. कृत्रिम पट्टी वापरण्यात दोष नाही. ती स्वस्त असते आणि तिला वाळवी लागत नाही. ती सागवान म्हणून विकणे हा दोष. साधा पुठ्ठा घालण्यातही दोष नाही, दिनदर्शिकेच्या चित्राला तो पुरतो. पणजीच्या एकमेव छायाचित्रामागे तो गुपचूप घालणे हा दोष. वस्तू तीच असते. ती काय म्हणून दिली, यावर व्रत टिकते किंवा ढळते.

अहिंसेचा विचारही या टेबलावर येतो. पूर्वी सांधे जोडण्यासाठी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरला जाई. सोनेरी मुलाम्याच्या जुन्या चौकटींतही तो असे. सोन्या-चांदीचा वर्ख चामड्यात ठेवून कुटण्याची पद्धतही जैन घरांना अपरिचित नाही. आता पांढरा कृत्रिम गोंद सर्वत्र मिळतो. मंदिरासाठी किंवा उपाश्रयासाठी तसबीर करून घेताना कोणता गोंद वापरणार, हा प्रश्न विचारणे अवघड वाटू नये. जाणता कारागीर त्याचे सरळ उत्तर देतो. कीटकांच्या बाबतीतही जयणेचा मार्ग मारण्याचा नसून होऊ न देण्याचा आहे. पाठीमागील फटी कागदाने नीट बंद केल्या, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चौकट यांत हवा खेळती ठेवली, पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर तसबीर टांगली नाही, तर कसर आणि वाळवी यांना आत शिरायला वाव उरत नाही. जुन्या वाड्यांत तसबिरी वरून पुढे कललेल्या टांगत आणि त्यांच्या मागे चिमण्या घरटे करीत. पिले उडून जाईपर्यंत ती तसबीर झाडायची नाही, असा कित्येक घरांचा शिरस्ता होता.

तिसरी परीक्षा दुःखाच्या वेळी होते. घरात कोणी गेले की दुसऱ्या दिवशी उठावण्यासाठी किंवा श्रद्धांजली सभेसाठी मोठे छायाचित्र हवे असते. कोणीतरी नातेवाईक सकाळी एक लहानसा फोटो घेऊन येतो. त्याला पट्टी निवडायचे सुचत नाही, भाव विचारायचे भान नसते. संध्याकाळपर्यंत मिळेल ना, एवढेच तो विचारतो. व्यापाराच्या साध्या नियमाने पाहिले तर मनाला येईल ती किंमत घेण्याची हीच वेळ. गावातील चांगली फ्रेमची दुकाने याच वेळी ओळखू येतात. तेथे हातातले दुसरे काम बाजूला सारले जाते, नेहमीचाच भाव लावला जातो आणि पैशांचा विषय दुकानदार स्वतःहून काढत नाही. गिऱ्हाइकाला पाठ दिसत नाही आणि दुःखात भावही दिसत नाही. या दोन्ही ठिकाणी जो सरळ वागतो, त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार नसतो. म्हणूनच तो प्रामाणिकपणा खरा.

अशा दुकानांची आणखी एक बाजू आहे आणि ती बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. लहान गावात चित्रांसाठी वेगळे दालन नसते. चित्रकलेचे शिक्षक, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा देणारी मुले, निवृत्तीनंतर रंग हाती घेतलेले गृहस्थ, रांगोळीवरून जलरंगाकडे वळलेल्या गृहिणी, या सर्वांची चित्रे प्रथम फ्रेमच्या दुकानात येतात. दुकानदाराने त्यांतील एखादे चित्र आठवडाभर दर्शनी भिंतीवर लावले, तर तीच त्या गावाची कलादीर्घा ठरते. ये-जा करणारा थांबतो, हे कोणी काढले, असे विचारतो, आणि एखाद्या मुलाला आयुष्यात प्रथमच चित्राचे पैसे मिळतात.

मुंबईच्या चित्रकलेच्या इतिहासात या गोष्टीचा मोठा दाखला आहे. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये चौकटींच्या पट्ट्या तयार करण्याचा उद्योग सुरू केला. हे गांधी कुटुंब पारशी. केमिकल मोल्डिंग या शब्दांवरून उद्योगाचे नाव पडले केमोल्ड. रिकामी चौकट दुकानात शोभत नाही, तिच्यात चित्र हवे. म्हणून त्यांनी आपल्या दुकानात त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावली. आरा, हेब्बर, हुसेन ही नावे तेव्हा मोठी झालेली नव्हती आणि अशा चित्रांना शहरात जागाही फारशी नव्हती. जहांगीर कलादालन उभे राहिले ते १९५२ मध्ये. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. आता पुढच्या पिढीत त्यांची कन्या तिचा कारभार पाहते. भारतातील एका नामवंत कलादालनाचा उगम असा फ्रेमच्या दुकानात आहे.

हे मुंबईत घडले, लहान गावात कसे घडावे, अशी शंका येईल. सातारा जिल्ह्यातील औंध हे काही शहर नव्हे. तेथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. रविवर्म्यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या शिल्पापर्यंतचा संग्रह आजही तेथे पाहता येतो. औंधला राजाश्रय होता. बाजारपेठेच्या गावात तो आश्रय व्यापाऱ्यालाच द्यावा लागतो, आणि त्यासाठी राजाची तिजोरी लागत नाही. दुकानातील चार फूट भिंत पुरते.

आज या दुकानांपुढे अडचण आहे. तयार चौकटी घरबसल्या मिळतात आणि छायाचित्रे मोबाईलमध्येच राहतात. माळ्यावर पूर्ण झालेल्या पण कोणी न्यायला न आलेल्या तसबिरी साठतात. त्यांत दुकानदाराची पट्टी, काच आणि मजुरी अडकून पडते, आणि दुसऱ्याचे पूर्वज म्हणून त्या टाकूनही देता येत नाहीत. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा का, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. त्याचे उत्तर काही अंशी गिऱ्हाइकाच्या हाती आहे. स्वस्तात करून द्या, एवढेच जो सांगतो, तो कारागिराला पाठीमागे काटकसर करायला भाग पाडतो आणि पुढे होणाऱ्या नुकसानीचा भागीदार होतो.

म्हणून घरातील जबाबदार मंडळींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुना कागद किंवा छायाचित्र लॅमिनेट करू नये. ते पुन्हा सोडवता येत नाही. मूळ छायाचित्राची प्रत करून ती भिंतीवर लावावी आणि मूळ कोरड्या, अंधाऱ्या जागी जपावे. कार्तिकी पौर्णिमेला दर्शनासाठी काढला जाणारा शत्रुंजयाचा जुना कापडी पट प्लायवर चिकटवू नये, घडीही घालू नये. स्वच्छ सुती कापडासह गुंडाळून ठेवावा. छायाचित्रामागे कोण, कुठले, कोणते साल, हे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. पन्नास वर्षांनी चेहरा राहतो आणि नाव हरवते. आणि चौकट बंद होण्यापूर्वी दुकानात जाऊन आतला पुठ्ठा दाखवा, असे मोकळेपणाने म्हणावे. प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही. त्याच्या न दिसणाऱ्या कामाकडे कोणी पाहू इच्छितो, याचे त्याला समाधानच वाटते.

व्यापाराची बहुतेक प्रतिष्ठा दर्शनी भागावर उभी असते. पाटी, रोषणाई, सजावट. तसबिरीचा धंदा याच्या उलट शिकवण देतो. काच पुसून लखलखीत करता येते; पण आतले चित्र नातवंडांपर्यंत पोहोचणार की नाही, हे पाठीवर कोणता पुठ्ठा ठोकला त्यावर ठरते. वहीपूजनाच्या दिवशी गौतमस्वामींच्या तसबिरीपुढे हात जोडताना, तिची पाठ कोणी आणि कशी बंद केली, हेही मनात आणावे. आणि आपल्या पेढीच्या पाठीशी काय ठोकले आहे, तेही एकदा पाहून घ्यावे.