गालिचा नव्हे

कासच्या पठारावर भाद्रपदात जाऊन आलेल्यांच्या लेखणीतून 'फुलांचा गालिचा' हमखास उतरतो. पवईहून रात्री निघून तेथे दिवसभर पायी हिंडलेल्या आमच्या मंडळींच्या टिपणांतही तो होताच. आमचा आक्षेप त्याच्या गुळगुळीतपणाला नाही. गालिचा असतो तो पाय ठेवण्यासाठी, लोळण्यासाठी. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर छायाचित्रासाठी फुलांत लोळणारी माणसे एका अर्थी त्या उपमेचे इमानाने पालनच करत असतात.

प्रत्यक्षात तेथे जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर आहे. त्यात पोषणद्रव्ये इतकी कमी, की 'सीतेची आसवे' ही निळ्याजांभळ्या फुलांची चिमुकली वनस्पती ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. नाव करुणरसाचे, वृत्ती शिकाऱ्याची! या विसंगतीत एका चांगल्या ललितनिबंधाचा ऐवज आहे. गालिच्याखाली तो झाकला जातो, आणि गेंद, तेरडा, सोनकी ही नावेही.

यात दोष वर्गांचाही आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) शिकवताना आपण शैलीवर तासभर बोलतो. झाडाफुलांची नावे तळटीपेत ढकलतो.

पवईमागच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरांवर २०१६ आणि २०२४ साली कारवी फुलली. आठ वर्षांनी बहरणारे हे झुडूप माणसाच्या डोक्यावर जाते. त्यालाही गालिचा म्हटलेले आम्ही वाचले आहे.